गहुलीचे वसंतराव नाईक

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागात पुसद हे तालुक्याचे गाव आहे. पूस नदीच्या काठी वसलेल्या या गावाला डोंगरांनी वेढा घातला असून, त्या डोंगरांच्या पायथ्याशी व उतारांवर अनेक लहान खेडी आणि तांडे विखुरलेले आहेत. काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी पेरावी, बरड जमिनीत जे उगवेल त्यावर समाधान मानावे आणि पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसावे, असे येथील शेतकऱ्याचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. याच तालुक्यातील गहुली नावाच्या लहानशा गावी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. पुढे ते पुसदचे आमदार झाले, मंत्री झाले आणि सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. परंतु ज्या मातीत आपण वाढलो, त्या मातीतील माणसाला दोन वेळची भाकरी कशी मिळेल, या एका प्रश्नाने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही.

वसंतरावांचे घराणे बंजारा समाजातील होते. बंजारे हे एके काळी या देशातील मोठे वाहतूकदार. आगगाडी नव्हती, पक्क्या सडका नव्हत्या, त्या काळी हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून त्यांचे तांडे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात असत. मोठमोठी सैन्येदेखील आपल्या धान्यासाठी त्यांच्यावर अवलंबून असत. इंग्रजांच्या राज्यात लोहमार्ग आले, सडका झाल्या आणि बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार पाहता पाहता बसला. पोटाचे साधन गेल्याने तांडे रानावनांच्या कडेला स्थिरावले. त्यातच १८७१ साली इंग्रज सरकारने एक कठोर कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांनाही या अन्यायाची झळ पोहोचली. अशा पडत्या काळात वसंतरावांच्या आजोबांनी, चतुरसिंग राठोड यांनी, आपल्या लोकांना शेतीकडे वळविले आणि गहुली हे गाव वसविले. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. त्यावरून राठोडांचे हे घराणे नाईक या नावाने ओळखले जाऊ लागले.

वसंतरावांचे वडील फुलसिंग हेही गावचे कर्ते पुरुष होते. घरी शेतीवाडी चांगली होती. असे असले तरी वसंतरावांचे शिक्षण सुखासुखी झाले नाही. त्यांचे प्राथमिक शिक्षण एका गावी सलग न होता परिसरातील निरनिराळ्या खेड्यांतून झाले. आज ज्यांच्या दारासमोर शाळा आहे, त्या मुलांना अक्षर शिकण्यासाठी गाव सोडावे लागणे म्हणजे काय, याची कल्पना येणे कठीण आहे. पुढील शिक्षणासाठी ते अमरावतीस व तेथून नागपुरास गेले. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून १९३८ साली ते बी. ए. झाले आणि १९४० साली त्यांनी वकिलीची पदवी संपादन केली. तांड्यातील एक मुलगा काळा कोट घालून न्यायालयात उभा राहणार, ही त्या काळी साऱ्या पंचक्रोशीला नवलाची गोष्ट होती.

वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली गिरविले. पंजाबराव हे विदर्भातील शेतकऱ्यांचे मोठे पुढारी. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शिक्षणसंस्था उभारली होती आणि स्वातंत्र्यानंतर ते भारताचे कृषिमंत्री झाले. कायद्याचे ज्ञान केवळ द्रव्य मिळविण्यासाठी नसून त्याचा उपयोग नाडलेल्या शेतकऱ्यासाठीही करता येतो, याचे उदाहरण तरुण वसंतरावांना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

१९४१ साली त्यांनी पुसदला स्वतंत्रपणे वकिली सुरू केली. त्याच वर्षी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू ब्राह्मण कुटुंबातील आणि वर बंजारा. जातीपातींची कुंपणे त्या काळी फार उंच होती. साहजिकच या विवाहाला दोन्हीकडून विरोध झाला. पण उभयतांनी तो शांतपणे सहन केला, कोणावर राग धरला नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही. वत्सलाबाईंनी पुढे तांड्यातील स्त्रियांत मिसळून सामाजिक कार्य केले आणि पतीला आयुष्यभर साथ दिली.

पुसदच्या न्यायालयात येणारे पक्षकार बहुधा शेतकरी असत. कोणाची जमीन सावकाराकडे अडकलेली, कोणाचा बांधावरून तंटा, तर कोणाला सातबाऱ्याचा कागद वाचता येत नाही म्हणून झालेली फसवणूक. ही दुःखे ऐकता ऐकता एक गोष्ट वसंतरावांच्या ध्यानात आली. एका माणसाचा खटला जिंकला तर एका घराचे दुःख दूर होते. परंतु ज्या कायद्यामुळे वा ज्या कायद्याच्या अभावी हजारो घरे दुःखी आहेत, तो कायदा न्यायालयात बदलत नाही. तो बदलण्याची जागा निराळी असते. ते सार्वजनिक कार्यात ओढले गेले. पुसदच्या कृषी मंडळाचे काम त्यांनी पाहिले, वसतिगृहांच्या कामी लक्ष घातले आणि १९४६ पासून १९५२ पर्यंत पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. गावातील रस्ते, दिवे, पाणी व सफाई यांची व्यवस्था लावताना त्यांना राज्यकारभाराचे मुळाक्षर गवसले.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला, तो धनवान असो की निर्धन, साक्षर असो की निरक्षर, एक मत मिळाले. या निवडणुकीत वसंतराव काँग्रेस पक्षाच्या वतीने विधानसभेवर निवडून आले. योगायोग असा की, बंजाऱ्यांसारख्या अनेक जमातींना ज्याची झळ लागली होती, तो इंग्रजांचा जाचक कायदा याच १९५२ साली रद्द झाला. तांड्याच्या नायकाचा नातू कायदे करणाऱ्या सभेत जाऊन बसला आणि त्याच वर्षी तो जुना कायदा गेला.

विधानसभेच्या सदस्याला आपण आमदार म्हणतो. त्याचे काम काय असते? आपल्या मतदारसंघातील लोकांची गाऱ्हाणी त्याने सभागृहात मांडावी, सरकारला प्रश्न विचारावे, लोकांच्या पैशाचा खर्च कसा होतो ते पाहावे आणि नवीन कायदे होताना त्यांतील प्रत्येक कलमाचा विचार करून मत द्यावे. वसंतरावांच्या बाबतीत एक मौज घडली. पुसद आपल्या जागी राहिले, पण त्याचे राज्य दोनदा बदलले. १९५२ मध्ये विदर्भ हा मध्यप्रदेशाचा भाग होता व त्याची राजधानी नागपूर होती. म्हणून वसंतराव प्रथम नागपूरच्या विधानसभेत बसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि पुसदच्या आमदाराला मुंबईस जावे लागले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि तेच सदस्य महाराष्ट्र विधानसभेचे झाले. राज्ये बदलली तरी पुसदच्या मतदारांचा विश्वास बदलला नाही. १९५२, १९५७, १९६२, १९६७ आणि १९७२ अशा पाच निवडणुकांत त्यांनी वसंतरावांना विधानसभेत पाठविले.

मध्यप्रदेशात ते महसूल खात्याचे उपमंत्री होते. मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे सहकार व शेती ही खाती आली. मुंबईत मलबार टेकडीवर राहावयास मिळालेल्या सरकारी बंगल्याचे इंग्रजी नाव बदलून त्यांनी त्यास वर्षा असे नाव दिले. कोरडवाहू मुलखातून आलेल्या माणसाला पावसाहून प्रिय नाव दुसरे कोणते सुचणार? ते मुख्यमंत्री झाल्यावरही त्याच बंगल्यात राहिले आणि पुढे वर्षा हेच महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाचे नाव होऊन बसले.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर वसंतराव महसूलमंत्री झाले. त्या वेळी एक महत्त्वाचा प्रश्न सरकारपुढे होता. गावातील विहीर, शाळा, दवाखाना व रस्ता यांचे निर्णय दूरच्या राजधानीत व्हावेत की गावकऱ्यांनीच निवडलेल्या माणसांनी ते घ्यावेत? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९६० साली एक समिती नेमण्यात आली व वसंतराव तिचे अध्यक्ष झाले. केंद्र सरकारने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने याआधी तालुक्याच्या पातळीवरील समितीला महत्त्व दिले होते. वसंतरावांच्या समितीने सर्व बाजूंचा विचार करून जिल्हा परिषद बळकट असावी असा अभिप्राय दिला. तिच्या हाती शिक्षण, आरोग्य, शेती व रस्ते यांची कामे यावीत आणि कामांबरोबर पैसा व अधिकारही यावेत, असे तिचे म्हणणे होते. आमदार व खासदार यांना या संस्थांच्या कारभारापासून दूर ठेवण्याचे धोरणही महाराष्ट्राने स्वीकारले. यामुळे गावोगावच्या नव्या माणसांना पुढे येण्यास वाव मिळाला. स्वतः आमदार असलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली झालेल्या या विचारात आमदारांचा अधिकार वाढविण्याची हाव नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू झाली. खेड्यापाड्यांतून ज्या जिल्हा परिषदेच्या शाळा आपण पाहतो, त्यांचा कारभार या व्यवस्थेतून आलेला आहे.

१९६३ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. त्यानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. बोलणे मृदू, स्वभाव शांत, विरोधकांशीही वागणे स्नेहाचे. त्यामुळे हा सौम्य गृहस्थ एवढ्या मोठ्या राज्याचा गाडा कसा हाकणार, अशी शंका येणे स्वाभाविक होते. थोड्याच दिवसांत कसोटीचा काळ आला.

१९६५ साली देशापुढे दोन संकटे एकाच वेळी उभी राहिली. सीमेवर पाकिस्तानशी युद्ध झाले आणि देशात पाऊस अपुरा पडला. धान्याची टंचाई इतकी होती की, परदेशांतून जहाजांनी येणाऱ्या गव्हाची वाट पाहावी लागे. शिधापत्रिका हातात धरून माणसे दुकानांपुढे रांगा लावीत. जो देश आपल्या भाकरीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, त्याला मान ताठ ठेवता येत नाही, हे वसंतरावांच्या मनाला डाचत होते. पुण्यास शनिवारवाड्यापुढील सभेत त्यांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वावलंबी करण्याची प्रतिज्ञा केली, आणि ती पुरी न झाल्यास आपण फाशी जाऊ असे ते बोलून गेले, ही हकिकत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मृदू बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एवढे जळजळीत शब्द निघाले, यावरून त्यांच्या मनातील तळमळ समजून येते.

प्रतिज्ञा करणे सोपे. ती शेतात उतरविणे कठीण. महाराष्ट्राचे मुख्य धान्य ज्वारी. आपली गावरान ज्वारी उंच वाढे, तिचा कडबा जनावरांना पुरेसा होई, पण दाणा थोडा येई. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी सी. एस. एच.-१ नावाचे संकरित ज्वारीचे बियाणे शेतकऱ्यांसाठी उपलब्ध केले. दोन निराळ्या वाणांचा संयोग करून तयार केलेल्या या ज्वारीचे ताट बुटके असे, पीक सुमारे शंभर दिवसांत हाती येई आणि खत व पाणी मिळाले तर कणसे दाण्यांनी भरून जात. मात्र तिचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागे, खताला पैसा लागे, आणि पीक लवकर तयार होत असल्याने परतीच्या पावसात दाणा काळा पडण्याची भीती असे. शिवाय तिच्या भाकरीला गावरान ज्वारीची गोडी नाही, अशी घरोघरी तक्रार होती. वाडवडिलांचे बियाणे टाकून हे नवे हायब्रीड पेरावे, हे शेतकऱ्याला पटवून देणे सोपे नव्हते. वसंतराव स्वतः शेतकरी असल्याने त्यांना ही भीती समजत होती. ते आज्ञा करून थांबले नाहीत. खेडोपाडी फिरले, शेतांच्या बांधांवर उभे राहिले, बियाणे, खत व पाणी यांविषयी शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलले. हळूहळू संकरित ज्वारी महाराष्ट्राच्या शिवारांत पसरली.

तरीही त्यांची प्रतिज्ञा अक्षरशः पुरी झाली असे म्हणता येणार नाही. निसर्ग प्रतिकूल राहिला आणि पुढेही अनेक वर्षे राज्याला बाहेरून धान्य आणावे लागले. परंतु त्या प्रतिज्ञेमुळे राज्याचे लक्ष शेतीवर खिळले. नवे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून वसंतरावांच्या कारकिर्दीत चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. १९६८ साली राहुरीस, १९६९ साली अकोल्यास, आणि १९७२ साली परभणी व दापोली येथे. अकोल्याच्या विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. ज्यांच्या हाताखाली वसंतराव वकिली शिकले, त्या गुरूचे नाव शिष्याच्या कारकिर्दीत असे चिरंतन झाले. विदर्भाच्या कापसाला योग्य भाव मिळावा व व्यापाऱ्यांकडून शेतकऱ्याची अडवणूक होऊ नये, म्हणून १९७२ च्या हंगामापासून सरकारने स्वतः कापूस खरेदी करण्याची एकाधिकार योजना सुरू केली. ती सुमारे तीस वर्षे चालली. मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारती ही संस्थादेखील त्यांच्याच कारकिर्दीत, १९६७ साली, पुण्यास स्थापन झाली.

यानंतर आले ते या सर्वांहून मोठे संकट. १९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ साली त्याने पुरतीच पाठ फिरविली. सोलापूर, बीड, सांगली, पुणे अशा कितीतरी जिल्ह्यांत विहिरींचे तळ दिसू लागले. चाऱ्यावाचून गुरे तडफडू लागली. दावणीचा बैल कवडीमोलाने विकताना शेतकऱ्याच्या डोळ्यांना धारा लागत. पूर्वीच्या काळी असा दुष्काळ पडला की माणसे वाटेवर मरून पडत, गावेच्या गावे ओस होत. या खेपेस तसे होणार की काय, अशी धास्ती साऱ्या महाराष्ट्राला पडली.

सरकारने ठरविले की, भिक्षा न देता काम द्यावे आणि कामाची मजुरी द्यावी. जागोजाग दुष्काळी कामे निघाली. माणसे सडका बांधू लागली, खडी फोडू लागली, पाझर तलाव खोदू लागली, शेतांना बांध घालू लागली. ज्यांनी कधी दुसऱ्याची चाकरी केली नव्हती, असे शेतकरीही घमेले व कुदळ घेऊन रणरणत्या उन्हात उभे राहिले. त्यांच्या शेजारी त्यांच्या लेकीसुना होत्या. रेशनच्या दुकानांतून मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळे आणि कामांवर सुकडी नावाचे पौष्टिक कोरडे अन्न वाटले जाई. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील माणसांची संख्या ५० लाखांच्या जवळ जाऊन पोहोचली. त्या काळी महाराष्ट्राच्या खेड्यांतून सुमारे साडेतीन कोटी लोक राहत. म्हणजे लहानमोठी सारी माणसे जमेस धरली, तर खेड्यातील दर सात माणसांमागे एक जण या कामावर होता. हालअपेष्टा अपार झाल्या, गुरेढोरे गेली. परंतु पूर्वीच्या दुष्काळांत होत असे तसा मनुष्यसंहार झाला नाही. पुढे जगातील अभ्यासकांनी या घटनेचा मुद्दाम अभ्यास केला.

याच काळात रोजगार हमी योजनेला राज्यव्यापी रूप आले. ही कल्पना मूळची वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा लहानसा प्रयोग झाला होता. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, काम हा उपकार नसून हक्क आहे, हे तिचे सूत्र होते. वसंतरावांच्या सरकारने १९७२ साली ही योजना राज्यभर लागू केली. तिचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने संमत केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तोवर वसंतराव मुख्यमंत्री राहिले नव्हते; पण त्यांच्या काळात लावलेले रोप दुसऱ्यांच्या हातून वाढले, हेच लोकशाहीचे वैशिष्ट्य होय. २००५ साली भारताच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे होता.

वसंतरावांच्या कारभारावर टीका झाली नाही असे नाही. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या लढाऊ स्त्रियांनी मुंबईत हजारो गृहिणींचे मोर्चे काढले. हातातले लाटणे हे त्यांचे निशाण झाले. दुष्काळी कामांवरील मजुरी अपुरी आहे व ती वेळेवर मिळत नाही, म्हणून विरोधी पक्षांनी सरकारला धारेवर धरले. ज्या प्रदेशाने वसंतरावांना मोठे केले, त्या विदर्भात पाटबंधारे मागे राहिले, असा आक्षेपही घेतला गेला. वसंतराव हे सारे ऐकून घेत. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला लोकांचे कटू शब्दही ऐकावे लागतात, आणि ज्या सरकारला जाब विचारणारे कोणी नसते ते सरकार जनतेपासून दूर जाते, हे ते जाणून होते.

२० फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. अकरा वर्षे दोन महिन्यांहून अधिक काळ त्यांनी ही जबाबदारी वाहिली होती. महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्या साठ वर्षांत दुसरा कोणताही मुख्यमंत्री एवढा दीर्घ काळ त्या पदावर राहिला नाही. १९७७ साली ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी परदेशात असताना, सिंगापूर येथे, त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. पुसदच्या डोंगरांत जन्मलेल्या या शेतकऱ्याचा अखेरचा श्वास मायभूमीपासून दूर समुद्रापलीकडे थांबावा, ही वार्ता ऐकून तांड्यातांड्यांवर हळहळ व्यक्त झाली.

महाराष्ट्रात १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस कृषी दिन म्हणून साजरा होतो. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, परभणीच्या कृषी विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांच्या जन्मजिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख त्यांच्यानंतरही संपले नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कर्ज आणि नापिकी यांनी गांजलेल्या यवतमाळच्या अनेक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले, हे साऱ्या देशाने खेदाने पाहिले. यावरून इतके कळते की, भाकरीचा प्रश्न एका माणसाने, एका कायद्याने वा एका पिढीत कायमचा सुटत नाही.

मुलांनो, तुम्ही मोठे झाल्यावर तुमच्या हाती मताचा अधिकार येईल. तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत जाईल, कोणी कदाचित विधानसभेतही जाईल. तेथे जाणाऱ्याने पुसदच्या या आमदाराचे चरित्र जरूर आठवावे. न्यायालयात ऐकलेली शेतकऱ्याची गाऱ्हाणी ते सभागृहात घेऊन गेले आणि सभागृहात झालेला कायदा खरोखर उपयोगी पडतो की नाही, हे पाहण्यासाठी पुन्हा शेताच्या बांधावर आले. ही ये-जा त्यांनी सत्तावीस वर्षे थांबू दिली नाही. लोकप्रतिनिधीचे खरे काम याहून निराळे नाही.